कालचं तिखलं आणि तीन तारे

आये, तुझी खानावळ खाडीत बुडाली होती, हे तुला आधी सांगून टाकते. घाबरू नकोस, नकाशावर बुडाली होती. हल्ली कम्प्युटरवर गावागावांचे नकाशे असतात, आणि दुकान कुठे, देऊळ कुठे, खानावळ कुठे ते लाल टिकली लावून दाखवतात. आपली टिकली वाइटावर असलेल्या कुणी लावली नव्हती, जेवून गेलेल्या एका भल्या माणसानेच लावली होती, पण त्याचा नेम चुकला आणि आपण गेलो जेटीच्या पलीकडे, भर पाण्यात. गेल्या दिवाळीच्या सुट्टीत गाडीवाले जेटीवर उभे राहून मला फोन करायचे, "अहो, आम्ही पोचलो, पण इथे तर पुढे पाणीच आहे." मी म्हणायचे, मागे फिरा, माडांच्या बाजूने या, सुकत टाकलेली जाळी दिसतील, तिथून वासाच्या मागे या. यातलं शेवटचं तुझं. खानावळीला बोर्ड लावूया म्हटलं की तू एवढंच म्हणायचीस, "बोर्ड कित्याक व्हयो? वास येता नाय?"

तू गेलीस तेव्हा रेल्वे नुकती सुरू झाली होती. ती मुंबईकरांची सोय, आपणाक काय, असं तुझं म्हणणं. आपणाक बरंच काय काय झालं गो. रेल्वेने माणसं आली, मग त्यांच्या गाड्या आल्या, मग गाड्यांतून उतरून आधी फोटो काढणारी आणि मग भूक लागलेली माणसं आली. आता दोन हजार दहा साल चालू आहे आणि खानावळ मी चालवते. तुझा जावई सकाळी लिलावाला जाऊन मासे आणतो, बाकी सगळं माझ्याकडे. गॅस आला आहे, पण माशाचं तिखलं मी अजून चुलीवर, मातीच्या मडक्यातच करते. मासे मिळाले नाहीत तर तुझ्यासारखीच दारात उभी राहून सांगते, "आज मासो नाय, फुडच्या घराक इचारा." तोंडही तुझंच घेतलंय, असं लोक म्हणतात. त्याबद्दल माझी काही तक्रार नाही.

हे पत्र ज्यासाठी लिहायला घेतलं ते सांगायचं तर आधी तो खडू आठवायला हवा. मी सातवीत असेन. शाळेतून खडूचा तुकडा आणून मी दाराच्या फळीवर मोठ्या अक्षरांत लिहिलं, 'येथे उत्तम जेवण मिळेल'. मला वाटलं तू खूश होशील. तू मासे साफ करून उठत होतीस. हात धुतलेस, लादी पुसायचं फडकं घेतलंस आणि माझ्यादेखत ते 'उत्तम' आधी पुसलंस, मग बाकीचं. "उत्तम? कोण म्हणता उत्तम? रांदणाऱ्यान म्हणूचां नसता गो, जेवणाऱ्यान म्हणूचां." मी रडत म्हटलं, पण जेवणारा कुठे म्हणतो? तेही खरंच होतं. आपल्याकडे जेवणाऱ्यानेही म्हणायचं नसतं. तोंडावर वाखाणलं तर दिष्ट लागते. आपला माणूस जेवतो, बोटं चाटतो, पुन्हा भात मागतो आणि उठताना म्हणतो, "वायट नाय." त्याच्या वर आपल्याकडे पायरी नाही. ज्याला जेवण आवडलं नाही तो मात्र, "बरां होता हां," असं गोड बोलून जातो आणि परत येत नाही. हे मी त्या वयात शिकले आणि सगळं जग असंच असतं असं धरून चालले, आणि तिथेच माझं चुकलं.

झालं असं. दिवाळीनंतर शहरातलं एक जोडपं आलं होतं, शेजारच्या गावात खोली घेऊन राहिलेलं. रात्री जेवले आणि दोघांनी इतकं कौतुक केलं की मलाच कुठे बघू असं झालं. बाई फार गोड. निघताना म्हणाली, "आम्हाला हॉटेलातलं नको हो, तुम्ही घरी काय खाता ते एकदा खायचंय." आता असं कुणी म्हटल्यावर, आये, तू काय केलं असतंस? तेच मी केलं. सकाळी ते नाश्त्याला आले तेव्हा आंबोळ्या होत्याच. मी आत गेले आणि आदल्या दिवशीचं बांगड्याचं तिखलं, जे आपण गिऱ्हाइकाला कधी म्हणून दाखवतही नाही, ते मडक्यासकट बाहेर आणलं. रात्रभर मुरलेलं, तिरफळाचा वास अंगात भिनलेला, सार आटून बांगड्याला धरलेलं. त्या मडक्यावरून मी आणि दादा किती भांडलोय लहानपणी. मी वाढलं आणि मोठ्या मानाने सांगितलं, "हे कालचं आहे हां."

त्या गृहस्थांचा हात आंबोळीवरच थांबला. बाईंनी एक घास खाल्ला, पाणी प्यायल्या. मग दोघंही अगदी हळू आवाजात, "छान, छान," म्हणाले आणि निघाले. मी तुझ्या जावयाला सांगितलं, बघ, चवीनं माणसं मुकी झाली. तो ताटांतलं उरलेलं मांजराला घालायला गेला.

मग दादाचा फोन आला. तुला दादा माहीत आहे, मुंबईत बसून इथल्या शेळ्या हाकतो. पण त्या दिवशी त्याचा आवाज वेगळा होता. ऑफिसात त्याला कुणीतरी कम्प्युटरवर दाखवलं होतं. म्हणाला, "शिळे मासे वाढतंस तू? आवशीच्या खानावळीत?" मला काही कळेना. दुसऱ्या दिवशी मालवणच्या बाजारात सायबर कॅफेत गेले. कॅफेवाला आपल्यातलाच, आधी फोनचा बूथ होता त्याचा, मग झेरॉक्स, आता चार कम्प्युटर. प्रवाशांची एक साइट असते, तिथे कुठे राहावं, कुठे जेवावं ते लोक लिहितात आणि पाचापैकी तारे देतात. त्याने पडद्यावर आपली खानावळ शोधून काढली आणि इंग्रजीतलं मला मराठीत वाचून दाखवलं. 'येथे आदल्या दिवशीचे मासे वाढतात. मालकीणबाई ते स्वतःच सांगतात.' आणि एक तारा. माझ्या नाकाला मिरच्या झोंबल्या म्हणजे कशा झोंबल्या. राग त्या माणसाचा नव्हता आला फार, कारण तो खोटं बोलत नव्हता. तुझ्या दारावर कुणीतरी उलटा खडू फिरवला होता आणि माझ्याकडे पुसायला फडकं नव्हतं.

नुसता अपमान असता तर गिळला असता. पण नाताळच्या सुट्टीत माणसं येईनाशी झाली. फोन करून विचारायची, मासे ताजे असतात ना हो, आणि मी हो म्हटलं तरी पुढच्या घराकडे वळायची. आणि दादाच्या डोक्यात एक जुनी गोष्ट होती. हायवेकडचा कोणी माणूस आपली जागा भाड्याने मागत होता, खोल्या बांधायला आणि खाली बिअर बार काढायला. दादा म्हणाला, "नाव गेला तर काय रवला? देवन टाकूया." मी म्हटलं, मे महिना संपेपर्यंत थांब. पावसाळ्यात होड्या वर ओढल्या की तू काय ते कर. तोपर्यंत हे दार माझं. तो थांबला, एवढं मात्र त्याचं मानलं पाहिजे.

मग मी कामाला लागले. आठवड्याला एकदा बाजारहाट करताना कॅफेत जायचं, हा नेमच धरला. आधी टिकली खाडीतून वर काढली. ते काही आज सांगितलं आणि आज झालं असं नसतं, कळवायचं आणि वाट बघत बसायचं. एक दिवस बघते तर आपण जमिनीवर, बरोबर माडांच्या कोपऱ्यात. मला इतका आनंद झाला की मी कॅफेवाल्याला सोलकढी पाठवली. मग फोटो. कुणीतरी आपल्या मागच्या दाराचा फोटो टाकला होता, त्यात मांजर आणि माशांची खवलं. तो होता तसाच राहिला, काढता येत नाही म्हणे, पण मी पुढे ताटाचा टाकला, आणि चुलीवरच्या मडक्याचा. वेळा घातल्या. सोमवारी मासा नाही हे घातलं. आणि तुझं दारातलं वाक्य घातलं, 'मासे मिळाले तर जेवण, नाही तर पुढच्या घरी विचारा'. कॅफेवाला डोक्याला हात लावून म्हणाला, "ताई, अशी जाहिरात कोण करतं?" मी म्हटलं, ही जाहिरात नव्हे, हे दारातलं बोलणं आहे, ते आता रस्त्यावरच ऐकू जाईल.

मग त्याने मला बाजूला घेऊन सांगितलं की दहा नावांनी दहा अभिप्राय तो स्वतः लिहून देतो, सगळे पाच तारे, म्हणजे तो एक खाली दबून जाईल. सगळेच करतात म्हणे. मी म्हटलं, म्हणजे आपणच रांधायचं आणि आपणच ढेकर द्यायचा. नको. आपल्याकडे खरी जेवलेली माणसं काय कमी आहेत? तीच लिहितील. हे मी फार ऐटीत म्हटलं.

पहिला आणला आपल्या वाड्यावरचा म्हातारा तांडेल. तोच, जो तू असताना स्वतःच्या होडीतला पहिला बांगडा तुला आणून द्यायचा. आता होडी मुलगे चालवतात आणि तो आपल्या ओट्यावर बसून त्यांना नावं ठेवतो. रोज जेवतो आपल्याकडे. कॅफेत खुर्चीवर बसवला तर म्हणाला, "आता माझां तोंड हेच्यात घालूचां आसा काय?" मी म्हटलं, तुम्ही बोला, हा लिहील. त्याने बराच विचार केला. मग म्हणाला, "लिव. आवशीची सर नाय चेडवाक अजून. तोंड मात्र आवशीपरास वायट. जेवण वायट नाय." कॅफेवाल्याने विचारलं, तारे किती घालू, पाच? तांडेल रागावलाच. "पाच कित्याक? पाच देवाक. तीन घाल." मला तर तिथेच रडू यायला लागलं, आये, आनंदाने. तुझी सर नाही म्हणजे तुझ्याशी ताडून तरी बघितलं.

मग मुंबईच्या मावसभावाला सांगितलं, त्याने आपल्या गाववाल्यांना सांगितलं, आणि सगळ्यांनी एकदम मनावर घेतलं. इंग्रजी अक्षरांत मालवणी लिहिलं. एकाने लिहिलं, 'म्हातारी गेली तरी चूल विझाक नाय, वायट नाय.' एकाने, 'भात मागलो तर वराडता, पण वाडता.' एकाने, 'सोमवारी जाव नको, गाळी खाशात.' आणि सगळ्यांनी मिळून ठरवल्यासारखे तीन तीन तारे. ओरोसच्या जिल्हा कचेरीतले एक साहेब शनिवारी एसटीने जेवायला येतात, ते घाटावरचे, त्यांना तरी चार द्यावेसे वाटले, पण लिहिलं काय, तर 'सदर ठिकाणी भोजन समाधानकारक आढळून आले.' कॅफेवाल्याने पडद्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. "ताई, हे काय करून ठेवलंत? करायला गेलो गणपती नि झाला मारुती. सगळ्या गावाने मिळून तुम्हाला नापास केलंय."

त्याचं खरं होतं. मला त्या प्रत्येक 'वायट नाय' मागे पुन्हा मागितलेला भात दिसत होता. पण पुण्याच्या, नागपूरच्या माणसाला तो कसा दिसावा? त्याला दिसणार तीन तारे आणि शिव्या. त्या दिवशी परतीच्या एसटीत खिडकीशी बसून मी पहिल्यांदा नीट विचार केला. त्या गोड बाईला मी फक्त 'हे कालचं आहे' एवढंच सांगितलं होतं. आपल्या घरात एवढं पुरतं. दादाला सांगितलं असतं तर त्याने माझ्या हातातून मडकं ओढलं असतं. पण ती बाई आपल्या घरात वाढली नव्हती ना. ज्याला वास येत नाही इतक्या लांबच्या माणसाला बोर्ड लागतोच, आये. इथे तुझं म्हणणं मी जरासं खोडलं, आणि मला त्याचं वाईट वाटत नाही.

पुढच्या आठवड्यात मी कॅफेत बसून त्या एक ताऱ्याच्या खाली उत्तर लिहून घेतलं. साइटवर मालकाला उत्तर देता येतं. मी सांगितलं, 'तुम्ही लिहिलंत ते खरं आहे. ते आदल्या दिवशीचंच होतं. बांगड्याचं तिखलं आम्ही मातीच्या मडक्यात तिरफळं आणि कोकमाची सोलं घालून करतो आणि रात्रभर मुरू देतो. दुसऱ्या दिवशी ते जास्त चांगलं लागतं. गिऱ्हाइकाला आम्ही ते वाढत नाही, कारण घरच्यांनाच पुरत नाही. तुमच्या मंडळींनी विचारलं, घरी काय खाता, म्हणून तुम्हाला घरचं समजून वाढलं. एवढं सगळं तेव्हा सांगायचं राहिलं. पुन्हा या. ताजं हवं तर ताजं मिळेल, मन झालं तर कालचं.' मग गाववाल्यांच्या अभिप्रायांखालीही एक ओळ घातली, 'आमच्याकडे वायट नाय म्हणजे फार चांगलं.' आणि खानावळीच्या माहितीत एक नवा पदार्थ घातला, 'कालचं तिखलं, फक्त सकाळी, आंबोळीबरोबर, असेल तोवर.' हे सगळं कॅफेवाल्याने इंग्रजीतही करून दिलं. टाइप करताना तो हसत होता. शेवटी म्हणाला, "ताई, मला भूक लागली."

मग दोनेक महिने काही नाही. तांडेल ओट्यावरून विचारायचा, "तुझ्या कम्पुटरान कोण धाडल्यान काय?" मी म्हणायचे, धाडील. वरून मी ठाम होते, पण मार्चमध्ये जागा भाड्याने मागणाऱ्याची माणसं टेप घेऊन कंपाउंड मोजून गेली त्या रात्री मी दोनदा उठून दाराची कडी बघून आले, ते तुझ्यापासून काय लपवायचं. मग शाळांच्या परीक्षा संपल्या आणि एका सकाळी दारात एक कुटुंब उभं. नवरा, बायको, बायकोची आई. ती आजीबाई पुढे होऊन म्हणाली, "अहो, कालचं आहे का?" इतकी वर्षं खानावळ चालली, पण असं दारात येऊन शिळं कुणी मागितलं नव्हतं. मी म्हटलं, आहे, बसा. मडकं पुसून खरवडून खाल्लं त्यांनी. मग रोज कुणी ना कुणी. कालचं पुरेना म्हणून मला आजच उद्याचं कालचं जास्त करून ठेवायला लागलं, आणि तुझा जावई लिलावात बांगड्याच्या टोपल्यांवर भांडायला लागला. त्यातले काही परत गेल्यावर लिहायचे. मे महिन्यात एकाने पाच तारे दिले आणि खाली दोनच शब्द लिहिले, 'वायट नाय.' परका माणूस, आये, आणि आपली भाषा शिकून गेला.

मेच्या शेवटाला दादा आला, मुलांना घेऊन, आणि मला माहीत होतं कशासाठी आला ते. सकाळी येऊन बघतो तर ओट्यावर माणसं पाळी धरून बसलेली, त्याला स्वतःच्या घरात बसायला जागा नाही. तो तांडेलाच्या शेजारी टेकला. मी त्याला आंबोळी आणि शेवटचं उरलेलं तिखलं दिलं. त्याने खाल्लं. वर बघितलं नाही. मग ताट पुढे केलं आणि म्हणाला, "आजून आसा?" मी म्हटलं, संपलं. तो हात धुवायला गेला, आला, आणि उठता उठता म्हणाला, "वायट नाय." तांडेल हसला. त्या जागेचं दादाने त्यानंतर नाव काढलेलं नाही. मुंबईला गेल्यावर त्याने त्या माणसाला कळवून टाकलं, असं वहिनीने सांगितलं मला.

मला त्यावरून तुझा एक दिवस आठवतो. तुला ताप आला होता आणि मी पहिल्यांदा एकटीने तिखलं केलं होतं. तू अंगावर पांघरूण घेऊन चुलीपाशी येतेस, मडक्यात बोट घालून चाटतेस. मी पळी धरून उभी आहे. तू पाटावर बसतेस, भात घेतेस, जेवतेस. मग पुन्हा भात मागतेस, तापात. आणि उठताना माझ्याकडे न बघता म्हणतेस, "वायट नाय." मी मागच्या दारी जाऊन एकटीच हसत बसले होते. तू मला त्यानंतर कधीही काही म्हणाली नाहीस आणि मला त्याची कधी गरजही लागली नाही. पण मी तुला कधीच काही म्हटलं नाही. तुझ्या हातचं इतकी वर्षं खाऊन, बोटं चाटून, दादाशी भांडून, तोंडाने एक शब्द नाही. दिष्ट लागेल म्हणून. मग तू गेलीस आणि सांगायचं राहूनच गेलं.

हे पत्र मी कुठे टाकणार नाही, ते उघडच आहे. पण एक गोष्ट सांगायची आहे, म्हणून एवढं लिहिलं. परवा कॅफेत गेले तेव्हा कॅफेवाला पडद्यावर बोट ठेवून कुरकुरत होता. आता सगळं छान चाललंय, चार, पाच, चार, पाच, आणि मध्येच कुणा नवीन माणसाने येऊन तीन दिलेत. 'हयल्या जुन्या मालकिणीच्या हातचां तिखलां वायट नव्हतां,' एवढंच लिहिलंय. "ताई, हा कोण? काढायला सांगूया का? उगाच सरासरी खाली ओढतो." मी म्हटलं, "रवांदे. जुनां गिऱ्हाईक असतला खंयचां तरी."

कॅफेवाला मागच्या आठवड्यात माझ्याच शेजारी उभा राहून दुसऱ्या कुणाची झेरॉक्स काढत होता, म्हणून त्याला कळलं नाही. एका बोटाने लिहायला मला बराच वेळ लागला. रांधणारीने म्हणायचं नसतं, ते मी विसरलेले नाही, पण तुझ्या तिखल्याला मी जेवणारी होते. चौथ्या ताऱ्यापर्यंत बोट गेलं होतं, मग मागे घेतलं, तू रागावली असतीस.